नगरसेवक नव्हते, तेव्हा

"नगरसेवक नाहीत तेच बरंय. निदान कामं तरी होतात." आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर हे वाक्य मी गेली काही वर्षं ऐकत आलोय. मीही ते म्हटलंय. हा लेख त्या वाक्याविरुद्ध आहे, म्हणजे थोडा माझ्याही विरुद्ध आहे.

मार्च २०२२मध्ये पुणे आणि मुंबई महापालिकांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. ओबीसी आरक्षणाचा वाद, बदलत राहिलेली प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा असं करत मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ला. संविधानाचं कलम २४३-यू सांगतं की महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून जास्त नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक पूर्ण व्हायला हवी. पुण्यात जून २०२१मध्ये २३ गावं महापालिकेत आली. तिथल्या ग्रामपंचायती गेल्या, आणि पुढच्या वर्षी महापालिकेचं सभागृहही गेलं. सरपंच नाही, नगरसेवक नाही. लोकसभा आणि विधानसभेला मात्र याच लोकांनी रांगा लावून मतदान केलं. आपण लोकशाही मोजतो ती या रांगांवरून.

आम्हा इंजिनिअरांना हे खटकलं नाही, याचं कारण आमच्या शिक्षणात आहे. चार वर्षांत आम्ही यंत्रणा शिकलो, सत्ता नाही. राज्यसंस्था म्हणजे मोठी सिस्टीम, भ्रष्टाचार म्हणजे बग, चांगला आयुक्त म्हणजे चांगला अ‍ॅडमिन. अ‍ॅडमिनला कुणी निवडून द्यावं लागत नाही, त्यामुळे प्रशासकराजही आम्हाला नैसर्गिक वाटलं.

माझा भ्रम माझ्याच कामाने मोडला. एका शहरासाठी तक्रार नोंदवण्याचं अ‍ॅप बनवणाऱ्या टीममध्ये मी होतो. ड्रॉपडाउनमध्ये प्रकार होते: खड्डा, कचरा, दिवा, पाणीगळती. 'आमच्या वस्तीला नळच नाही' असा प्रकार नव्हता. असे लोक 'इतर' निवडायचे. 'इतर'मधल्या तक्रारी कुठल्याच खात्याकडे जात नव्हत्या. ठरावीक दिवसांनी त्या आपोआप 'निकाली' व्हायच्या. तो नियम मी लिहिला होता. डॅशबोर्डवर निकाली तक्रारींचं प्रमाण झकास दिसायचं आणि आमचं कौतुकही झालं.

नंतर समाजशास्त्राची पुस्तकं हाती लागली, तेव्हा आपण काय केलं होतं त्याचं नाव कळलं. दुसऱ्याचा विरोध असतानाही आपली इच्छा तडीस नेण्याची शक्यता म्हणजे सत्ता, अशी मॅक्स वेबरची मांडणी आहे. बाखरॅक आणि बॅरॅट्झ यांनी १९६२मध्ये तिची दुसरी बाजू दाखवली: प्रश्न चर्चेला येऊच न देणं हीसुद्धा सत्ताच. माझा ड्रॉपडाउन ही ती दुसरी बाजू होती. १९७४मध्ये स्टीव्हन ल्यूक्सने तिसरी बाजू मांडली: लोकांना काय हवंसं वाटावं, हेच घडवणं. आपला प्रतिनिधी नाही याचा आनंद मानणारं आमचं जेवणाचं टेबल हे तिचं उदाहरण.

यावर ठरलेला आक्षेप येतो: नगरसेवक टक्केवारी खायचे, ते विसरलास का? विसरलो नाही. पण मग प्रशासकाच्या काळात टेंडरं निघत नव्हती का? निघत होती. फक्त त्यांवर सभागृहात ओरडणारा विरोधी पक्ष नव्हता. अंदाजपत्रक मांडणारे आणि मंजूर करणारे एकच झाले होते. चोरी थांबली की चोरीबद्दल बोलणारं कुणी उरलं नाही, हे ठरवायला तरी सभागृह लागतं.

आणि नगरसेवक लागतो कुणाला? मला नाही. माझ्याकडे ईमेल आहे, इंग्रजी आहे, टँकरला द्यायला पैसे आहेत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना मात्र नगरसेवकाचं पत्र लागतं, तुंबलेल्या गटारासाठी त्याच्या दारात उभं राहावं लागतं. पार्थ चटर्जी यांनी म्हटलंय की आपल्याकडे बहुसंख्य लोक राज्यसंस्थेला भेटतात ते हक्कदार नागरिक म्हणून कमी आणि वाटाघाटी करणारा समूह म्हणून जास्त. ही वाटाघाट लाचार असते, अनेकदा भ्रष्टही असते. पण तिच्यात मावशींच्या हातात एक गोष्ट असते: पाच वर्षांनी त्या माणसाला पाडता येतं. अ‍ॅपला पाडता येत नाही. आयुक्तालाही नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. 'मला राजकारणात रस नाही' हे सांगणं ज्याचं काम राजकारणावाचून अडत नाही त्यालाच परवडतं. कारभार वेगवान आहे का, एवढंच विचारून भागणार नाही. कोणाचा प्रश्न नोंदला गेला, कोणाचा 'इतर'मध्ये पडला, आणि ज्याने तो तिथे टाकला त्याला हटवायचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारावं लागेल.

निवडणुका झाल्या, सभागृहं परत आली. टेबलावर पुन्हा सुरू झालंय, "यांच्यापेक्षा प्रशासक बरा होता." या वेळी मी विचारलं, कोणासाठी? उत्तर यायच्या आत कुणीतरी विषय बदलला.