मऊ पाणी माझं, मीठ सगळ्यांचं

ॲरिझोनाच्या वाळवंटात वसलेल्या टूसॉन शहरात नोकरीसाठी आपल्याकडचं नवं कुटुंब आलं, की महिन्याभरात एक फोन ठरलेला. "भाई, इथलं पाणी असं का?" चहावर तवंग येतो, केटलीच्या तळाला चुन्याचा थर बसतो, शॉवरची भोकं बुजतात, काचेचे ग्लास धुऊनही धुरकट दिसतात. चण्याची डाळ दोन तास भिजवूनही कुकरमध्ये टणक राहते. आणि शेवटी, आवाज जरा खाली आणून, केस गळण्याची तक्रार.

मी मूळचा लातूरचा, त्यामुळे यातलं काहीच मला नवीन नाही. बोअरच्या पाण्यात डाळ शिजवायला चिमूटभर खायचा सोडा लागतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन पाणी' म्हणत, घरात नुसतं 'जड पाणी'. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं पाणी. तापवलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि चुना खाली बसतो. साबण लावला की फेसाऐवजी चिकट साका तयार होतो. डाळीच्या पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होतं, म्हणून डाळ फुटत नाही. गीझरच्या तळाशी थर साचला की पाणी तापताना आतून पॉपकॉर्न फुटल्यासारखा आवाज येतो, आणि गॅस जास्त जळतो तो वेगळाच.

घाबरण्यासारखं मात्र फारसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाण्याच्या जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. इंग्लंडमध्ये एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. घरात पाणी मऊ करणारं यंत्र बसवून नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. जड पाण्याने केस राठ वाटतात हे खरं, पण टक्कल पडण्याचा दोष नळाला देण्याआधी वडिलांचा फोटो बघावा.

माझा मुद्दा मात्र आरोग्याचा नाही. जड पाण्याचा त्रास दिसला की आपण सगळे, इथे आणि तिथेही, एकच उत्तर शोधतो: घरात यंत्र बसवा. या उत्तराचं बिल दुसरंच कोणीतरी भरतं.

टूसॉनमध्ये या यंत्राला 'सॉफ्टनर' म्हणतात. आत रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुवावे लागतात. त्यासाठी अठरा किलोची मिठाची पोती आणायची, आणि दर धुण्याला शंभर-दोनशे लिटर पाणी गटारात. वाळवंटात! बरं, लिटरमागे ३०० मिलिग्रॅम जडपणा काढला, की त्या लिटरमध्ये साधारण १३८ मिलिग्रॅम सोडियम येतं. घरात रक्तदाबाचे रुग्ण असतील तर स्वयंपाकघरातला एक नळ तरी यंत्राच्या आधीचा ठेवावा. विकणारा हे सांगेलच असं नाही. कुंड्यांनाही हे पाणी घालू नये.

पण हे झालं घरातलं. ते मीठ जातं कुठे? नेहमीच्या सांडपाणी प्रक्रियेत मीठ निघत नाही. टूसॉन १९८४ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी बागांना आणि मैदानांना देतं. समुद्र इथून लांब आहे, वाहून न्यायला बारमाही नदी नाही. म्हणजे माझ्या बाथरूममधली चकचकीत काच आणि सार्वजनिक बागेतल्या मातीतलं मीठ यांचा हिशोब एकाच वहीत आहे. आमच्या धंद्यात असा कोड लिहिणारे खूप भेटतात: आपल्या मॉड्यूलमधला बग दुसऱ्याच्या मॉड्यूलमध्ये ढकलायचा आणि तिकीट बंद करायचं.

कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लॅरिटा शहराने हा हिशोब उघडपणे मांडला. तिथल्या सॉफ्टनरचं मीठ नदीत उतरत होतं आणि खालच्या भागातल्या स्ट्रॉबेरी आणि ॲव्होकॅडोच्या शेतीला धोका होता. नोव्हेंबर २००८ मध्ये मतदान झालं. मिठाचं पाणी गटारात सोडणारी यंत्रं काढून टाकायची, असं लोकांनी स्वतःच ठरवलं. आपल्या सोयीवर लोक स्वतःहून बंदी घालतात, हे मला त्या देशातल्या अनेक मोठ्या गोष्टींपेक्षा मोठं वाटतं.

टूसॉनचा स्वतःचा धडा आणखी कडू आहे. भूजल उपसून उपसून खाली गेलं, म्हणून कोलोराडो नदीचं पाणी शेकडो किलोमीटरच्या कालव्यातून आणलं. नोव्हेंबर १९९२ मध्ये ते थेट घरोघरी सोडलं. या पाण्यात क्षार इथल्या भूजलाच्या दुपटीहून जास्त, आणि रसायनही वेगळं. जुन्या लोखंडी पाइपांच्या आत वर्षानुवर्षं बसलेला गंज सुटला. नळाला तांबडं पाणी आलं, पाइप फुटले, गीझर गेले, कपडे डागाळले. लोकांनी नुसते फिल्टर घेतले नाहीत. भरपाई मागितली, सभा गाजवल्या. १९९४ मध्ये पुरवठा थांबला. १९९५ मध्ये सार्वमताने कायदाच केला, की हे पाणी असं थेट द्यायचं नाही. मग शहराने ते पाणी पश्चिमेकडच्या ॲव्हरा खोऱ्यातल्या तळ्यांत मुरवायला घेतलं. जमिनीत भूजलाशी मिसळलेलं पाणी उपसून २००१ पासून घरी येऊ लागलं. आज ते जड आहे, पण गंज आणत नाही. शहराने आधी गप्प बसून सोसलं असतं, तर हा बदल झाला नसता.

आता लातूर, बीड, जालन्यातल्या मोहल्ल्यांत या. तिथेही बोअरचं पाणी जड. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते लातूरच. तेव्हा पाणी मिळणं हाच प्रश्न होता, ते कसं आहे हे विचारायला कोणाला फुरसत नव्हती. मग दारात विक्रेता येतो. तुमच्या ग्लासात विजेच्या दोन कांड्या बुडवतो, पाणी क्षणात तपकिरी होतं, अम्मी घाबरतात, आणि हप्त्यावर आरओ घरात येतो. तो रंग तुमच्या पाण्यातल्या घाणीचा नाही. त्यातली एक कांडी लोखंडी असते. क्षारामुळे पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड गंजतं. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत म्हणून वीज वाहत नाही, एवढाच त्याचा खेळ. ज्यांच्याकडे हप्त्याचे पैसे नाहीत, ते जार विकत घेतात किंवा आहे ते पितात. शिवाय आरओ जेवढं पाणी देतो, त्याच्या दुप्पट-तिप्पट बऱ्याचदा मोरीत जातं. वुजू करताना नदीकाठीसुद्धा पाणी जपा, हे मकतबमध्ये शिकलेली आपली पिढी त्या नळीकडे बघतही नाही.

मी आरओविरुद्ध नाही. पाण्यात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त असेल तर आरओ हवाच. पण असेल तर! भारतीय मानकानुसार जडपणा २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. आपल्या वस्तीच्या बोअरचा आकडा किती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? टूसॉनमध्ये पाणीपुरवठा खात्याला दरवर्षी असा अहवाल द्यावाच लागतो. आपल्याकडेही यंत्रणा आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. ते किट तुमच्या गावात कोणाच्या कपाटात पडून आहे, हे ग्रामपंचायतीला विचारता येतं. नाही सांगितलं तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच.

तोवर घरापुरते स्वस्त उपाय पुष्कळ आहेत. केटलीत पाणी आणि लिंबूसत्त उकळलं की थर सुटतो. शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचा. साबणाच्या वडीऐवजी डिटर्जंट वापरलं की साका होत नाही. डाळ तेवढी पिण्याच्या आरओ पाण्यात शिजवा, आणि मोरीत जाणारं पाणी बादलीत धरून फरशी पुसा.

सुरुवात मशिदीच्या बोअरपासून करता येईल. तो सगळ्यांचा आहे आणि त्यासाठी कोणाच्या घराचं दार वाजवावं लागत नाही. दोन तरुणांनी स्वच्छ बाटलीत नमुना भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत न्यायचा. जडपणा, फ्लोराइड, नायट्रेट आणि एकूण क्षार एवढे चार आकडे मागायचे, आणि आलेला कागद नमाजच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवायचा. पुढच्या जुम्याला वुजूखान्यात उभ्या असलेल्या काकांचा पहिला प्रश्न असेल, "बेटा, ये नायट्रेट क्या होता है?"