सिमेंटची गोणी आणि मजुराची पाठ

बांधकामावरील सुरक्षिततेचा आपला विचार अपघातापासून सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. परांची कोसळली किंवा मजूर उंचावरून पडला की पोलीस येतात, पंचनामा होतो, नुकसानभरपाईची फाइल उघडली जाते. म्हणून हेल्मेट, सुरक्षा पट्टा व जाळी यांना निविदेत स्थान मिळाले, आणि ते योग्यच झाले. परंतु रोज ओझी उचलून वीस वर्षांत झिजलेल्या मणक्याचा पंचनामा कोणी करीत नाही. असा मजूर चाळिशी-पंचेचाळिशीतच मुकादमाला नकोसा होतो आणि गावी परततो. मस्टरवरून त्याचे नाव गळते, पण कोणत्याही नोंदवहीत ते चढत नाही. प्रशासन मोजते तेवढेच त्याला दिसते, हे येथे पुन्हा प्रत्ययास येते.

काम, अवजार व ओझे माणसाच्या शरीराला मानवेल असे बेतण्याच्या शास्त्राला अर्गोनॉमिक्स म्हणतात. सरकारी कार्यालयांत हा शब्द संगणकाबरोबर आला. पाठीला आधार देणाऱ्या खुर्च्या, योग्य उंचीची मेजे यांची खरेदी आम्ही अधिकाऱ्यांनी फारशी खळखळ न करता मंजूर केली. ज्या इमारतीत त्या खुर्च्या मांडल्या, ती बांधणाऱ्यांच्या पाठीचा विचार मात्र त्याच निविदा-प्रक्रियेत झाला नाही.

ओझे कसे वाहवावे याची जाण आपल्या प्रशासनाला नाही असे मात्र म्हणता येणार नाही. मी सध्या ज्या म्हैसूर शहरात राहतो, तेथे दसऱ्याच्या मिरवणुकीत हत्तीच्या पाठीवर सुमारे 750 किलो वजनाची सोन्याची अंबारी असते. त्यासाठी हत्ती कित्येक आठवडे आधी शहरात आणले जातात, त्यांचे वजन केले जाते, पशुवैद्यक त्यांना तपासतात. सरावात वाळूची पोती पाठीवर ठेवून भार टप्प्याटप्प्याने वाढवला जातो. साठी ओलांडलेल्या हत्तीला अंबारी देत नाहीत. 2020 साली अर्जुनाची जबाबदारी अभिमन्यूकडे गेली ती वयामुळेच. पाच टनांहून अधिक वजनाच्या प्राण्यावर, वर्षातून एकदा, त्याच्या वजनाच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकी अंबारी चढवायची, तर एवढी काळजी. ही काळजी रास्त आहे. पण त्याच शहरात, एखाद्या घराच्या बांधकामावर, पन्नास-पंचावन्न किलो वजनाचा माणूस पन्नास किलोंची गोणी पाठीवर घेऊन जिना चढतो. त्याचे वजन कोणी केलेले नसते, आणि वयही कोणी विचारलेले नसते.

कायदा याबाबत काय सांगतो ते पाहू. इमारत व इतर बांधकाम कामगारांविषयीचा केंद्रीय अधिनियम 1996 सालचा आणि त्याखालील नियम 1998 सालचे. त्या नियमांनी एका व्यक्तीने उचलायच्या वजनाची कमाल मर्यादा प्रौढ पुरुषासाठी 55 किलो व प्रौढ स्त्रीसाठी 30 किलो अशी ठरवली. 55 चा हा आकडा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 सालच्या शिफारशीतही आहे. तेथे त्याचा अर्थ असा की, ज्या देशांत याहून जड ओझी वाहिली जातात त्यांनी निदान एवढ्यावर लवकरात लवकर यावे. सुधारणेची ती पहिली पायरी होती. आपण तिला मुक्काम मानले. गोणी 50 किलोंची, मर्यादा 55 ची, म्हणजे सर्व काही नियमात. स्त्रियांचे म्हणाल तर एक वीट सुमारे तीन किलोंची असते. दहा विटा डोक्यावर घेतल्या की मर्यादा गाठली जाते, आणि डोक्यावरच्या विटा मोजणारा निरीक्षक मी तरी पाहिलेला नाही.

दरम्यान शरीरशास्त्राचे ज्ञान पुढे गेले. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने 1991 साली वजन उचलण्याचे सुधारित सूत्र मांडले. ओझे शरीरालगत, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, कंबर न पिळता आणि अधूनमधूनच उचलायचे, अशी आदर्श परिस्थिती धरूनही त्याची कमाल मर्यादा 23 किलो आहे. ओझे शरीरापासून लांब गेले, जमिनीवरून उचलावे लागले किंवा वारंवार उचलावे लागले की मर्यादा आणखी खाली येते. डोक्यावरून वाहण्याला हे सूत्र लागू पडत नाही हे खरे. पण गोणी डोक्यावर जाण्यापूर्वी जमिनीवरून उचलावीच लागते. ब्रिटनमध्ये सिमेंटची पिशवी साधारणतः 25 किलोंची असते, ती याच विचारामुळे.

अर्थशास्त्राच्या भाषेत हा बाह्य खर्चाचा सरळ प्रश्न आहे. जड गोणीमुळे वेष्टनाचा व हाताळणीचा खर्च वाचतो; तो लाभ उत्पादक, कंत्राटदार व घरमालक वाटून घेतात. झिजलेल्या पाठीचा खर्च मजुराच्या घरावर पडतो, तोही वर्षांनंतर, जेव्हा तो कोणत्या कामामुळे झाला हे सिद्ध करणे अशक्य असते. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत सूचित करावयाच्या 29 रोगांची यादी होती. तिच्यात गोंगाटामुळे येणारे बहिरेपण होते. म्हैसूरमध्येच 1965 साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे, म्हणजे त्या व्याधीला यादीत नाव आहे आणि तिच्यासाठी संस्थाही आहे. ओझ्याने होणारी पाठदुखी मात्र त्या यादीत नव्हती, आणि नव्या संहितेच्या यादीतही नाही.

गोणीचे वजन बदलणे अवघड असते का? पूर्वी धान्याचे पोते क्विंटलभराचे असे. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने ते 50 किलोंवर आणण्याची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. व्यापार बुडेल असे तेव्हाही सांगितले गेले. आज 50 किलोंचे पोते सर्वत्र रूढ आहे आणि व्यापारही चालू आहे. दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. 2018 साली केंद्र सरकारने युरियाची गोणी 50 वरून 45 किलोंवर आणली. शेतकरी खत गोण्यांच्या हिशेबाने टाकतो, गोणी लहान केली की खताचा वापर घटेल, हा त्यामागचा तर्क. हमालाची पाठ त्या हिशेबात नव्हती. पण एका निर्णयाने देशभरची गोणी बदलते हे त्यातून सिद्ध झाले.

सिमेंटच्या बाबतीत तर नवा कायदाही नको. सिमेंटच्या भारतीय मानकात 50 किलोंच्या गोणीबरोबर 25 किलोंच्या पिशवीचीही तरतूद आहे. टाइल चिकटवण्याचे मिश्रण बाजारात 20 किलोंच्या पिशवीत मिळतेच. मोठ्या प्रकल्पांवर सिमेंट बल्करने येते किंवा काँक्रीट तयार होऊनच येते. गोणी उरते ती गिलावा, विटकाम, फरशी, दुरुस्ती अशा लहान व मध्यम कामांवर, आणि यांत्रिक उद्वाहक नसतो तोही तेथेच. शाळा, निवासस्थाने, दवाखाने अशा कामांचा मोठा ग्राहक शासन स्वतः आहे.

आक्षेप दोन आहेत आणि दोन्ही दुर्लक्षून चालणार नाही. पहिला मिश्रणाच्या प्रमाणाचा. 50 किलोंची एक गोणी म्हणजे 35 लिटर, आणि वाळू-खडीचा फर्माही त्याच मापाचा, असा मिस्त्रीचा सरळ हिशेब असतो. दोन पिशव्यांना एक फर्मा हे शिकवण्यास एक सकाळ पुरे. दुसरा आक्षेप गंभीर आहे. हमाली नगावर मिळत असेल तर मजूर दोन पिशव्या एकदम उचलेल; आणि एकेक उचलली तर खेपा दुप्पट होऊन तो अधिक दमेल. हे खरे आहे. म्हणूनच केवळ पिशवी बदलून भागणार नाही. मजुरीची पद्धत आणि वाहतुकीचे साधन हेही तिच्याबरोबर बदलले पाहिजे. उलट, गुडघे वाकवून उचला असे फलक लावणे किंवा कमरेचे पट्टे वाटणे हे सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी उपयोगाचे उपाय आहेत, कारण त्यांत ओझे आहे तसेच राहते.

व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि 1996 चा अधिनियम तिच्यात विलीन झाला. या निमित्ताने तीन गोष्टी करता येतील असे मला वाटते.

एक, संहितेखालील मानके ठरवताना 55 व 30 हे आकडे जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. नव्या मर्यादेबरोबर उंची, अंतर व खेपा यांचाही विचार व्हावा.

दोन, ज्या कामावर यांत्रिक उद्वाहक नाही, त्या प्रत्येक सरकारी कामाच्या निविदेत सिमेंट 25 किलोंच्या पिशवीतच आणण्याची अट असावी. हातगाडी व साधा विद्युत उद्वाहक यांची तरतूद अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून असावी, आणि उचल-वाहतुकीची मजुरी नगाऐवजी दिवसावर द्यावी.

तीन, बांधकाम खर्चाच्या एक टक्का दराने गोळा होणाऱ्या उपकरातून कामगार मंडळांनी नोंदणीकृत कामगारांची पाठ व सांधे यांची नियमित तपासणी करावी आणि निष्कर्ष जतन करावेत. नोंद होऊ लागली की प्रश्न दिसू लागेल.

यांपैकी दुसऱ्या सूचनेसाठी ना संसदेची गरज आहे ना न्यायालयाची. निविदेचा मसुदा तयार करणाऱ्या कार्यकारी अभियंत्याने एक ओळ घालायची आणि वित्त शाखेने तिच्यावर कात्री चालवायची नाही, एवढेच. पिशवीमागे वाढणारे वेष्टनाचे काही रुपये लेखापरीक्षेत दिसतील. ते खर्च म्हणून नोंदवताना, आजवर ते कोण सोसत होते याचीही टिप्पणी फाइलवर असावी.