गर्भवतीच्या मनाची विचारपूस कोणी करायची?

गर्भवती स्त्रीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांची नोंद सरकारदरबारी होऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे. त्यासाठी अनेक पिढ्यांनी चळवळी केल्या आहेत. परंतु तिच्या मनाची नोंद ठेवणारा रकाना त्या कार्डावर बहुधा आढळत नाही, आणि उद्या तो आला तरी त्यात काय भरले जाईल, हा प्रश्न उरतोच. तो रकाना कोणी आणि कोणत्या बोलीत भरायचा, याचा विचार आपल्या कार्यकर्त्यांनी करणे अगत्याचे आहे.

अर्नाळ्याचेच उदाहरण घेऊ. वैतरणेच्या मुखाशी असलेल्या किल्ल्याच्या बेटावर मच्छीमारांची वस्ती आहे. तेथील गर्भवतीला मोठ्या दवाखान्यासाठी होडीने किनाऱ्यावर यावे लागते. जूनमध्ये मासेमारीवरील पावसाळी बंदी सुरू होते, घरातील रोख आवक थांबते आणि समुद्रही खवळलेला असतो. याच काळात दिवस भरत आलेल्या बाईला झोप लागत नसेल, तर तिला भित्री कसे म्हणावे? तिची चिंता रास्त आहे. पण हीच चिंता आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसली, अन्नावरची वासना उडाली, येणाऱ्या बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, की ती आजाराची अवस्था होय. ती बाई मात्र ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत नाही. डोके जड झाले, छातीत धडधडते, अंगात त्राण नाही, असे ती सांगते. ऐकणारा तिच्या बोलीशी परिचित नसेल, तर लोहाच्या गोळ्या देऊन तिला परत पाठवतो.

याच तालुक्यातील वीटभट्ट्यांवर जव्हार-मोखाड्याकडून दिवाळीनंतर येणाऱ्या कातकरी आणि वारली स्त्रियांची स्थिती याहून बिकट. गर्भारपणाची नोंद एका गावी, मजुरी दुसऱ्या गावी आणि बाळंतपण कोठे होईल याचा भरवसा नाही. माहेरची माणसे व ओळखीची सुईण, दोन्ही मागे राहिलेली असतात.

ही केवळ भावनेची बाब नाही. शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या मातांपैकी २३ टक्के मातांमध्ये नैराश्याचा विकार आढळला. दारिद्र्य, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी झाल्याचा सल ही त्यामागची ठळक कारणे होती. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता.

आपल्यापैकी काहीजण म्हणतील की दारिद्र्य हटवा, मन आपोआप ताळ्यावर येईल. अर्थशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला हा युक्तिवाद आकर्षक वाटतो, पण तो अपुरा आहे. अमेरिकेत २०२१ साली दर एक लाख जिवंत जन्मांमागे ६९.९ कृष्णवर्णीय माता मृत्यू पावल्या, तर गौरवर्णीय माता २६.६. विशेष म्हणजे पदवीधर कृष्णवर्णीय स्त्रीलाही हा धोका गौरवर्णीय पदवीधर स्त्रीपेक्षा कितीतरी अधिक असतो. अर्थात, केवळ उत्पन्नाने हे अंतर मिटत नाही. दवाखान्यात आपले दुखणे खरे मानले जाणार नाही, हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा असतो आणि तोच मनावर दडपण आणतो. म्हणूनच तेथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटना आपल्याच समाजातील सुईणी आणि समुपदेशक यांची मागणी करीत आहेत. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामी-निर्मूलकांना अर्पण केली, तेव्हा त्यांनी हे नाते ओळखले होते. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी पुण्यात गर्भवती विधवांसाठी घर उघडले, तेथेही आलेल्या बाईला दोष न देता आसरा देणे, हाच पहिला उपचार होता.

मात्र ‘संस्कृतीचा आदर’ या शब्दाने फसून जाता कामा नये. दवाखान्याच्या भिंतीवर वारली चित्रे रंगवायची आणि आत वारली बाईची बोली कोणालाच उमगायची नाही, हा आदर नव्हे, ती सजावट आहे. तसेच मुलीच्या जन्माचे दुःख, मारहाण सोसण्याचा उपदेश, बाळंतिणीच्या आजारावर भगताचा उतारा यांनाही संस्कृती म्हणून पाठीशी घालता येणार नाही. डोहाळजेवण, माहेरचे बाळंतपण, शेजारणींचा राबता यांतील आधार घ्यावा आणि जाच सोडावा. हा निवाडा करण्याचा अधिकार त्या स्त्रियांचाच आहे.

हे शक्य आहे काय? पाकिस्तानातील रावळपिंडी परिसरात गावच्या आरोग्यसेविकांनाच शिकवून घरोघरी नैराश्यग्रस्त गर्भवतींशी बोलण्याचा प्रयोग झाला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी त्या गटात २३ टक्के, तर दुसऱ्या गटात ५३ टक्के स्त्रियांचे नैराश्य कायम होते. मोठी इस्पितळे नव्हे, तर ओळखीची बाई आणि पुरेसे शिक्षण, ही त्या यशाची सामग्री होती.

आपल्याकडे ती बाई आहे. तिचे नाव आशा. तिला पगार नाही, कामानुसार मोबदला मिळतो, आणि त्यासाठीही महाराष्ट्रातील आशांना २०२१ आणि २०२३ मध्ये संप करावा लागला. हे नवे काम तिच्यावर फुकट लादले, तर सेवेच्या नावाखाली आणखी एका श्रमिक स्त्रीचे शोषण होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने परवडणारी, जवळची आणि लोकांना स्वीकारार्ह अशी सेवा हा हक्क मानला आहे. जात, धर्म, संस्कृती यांवरून भेदभाव निषिद्ध ठरवला आहे. कायदा आहे, त्याची अंमलबजावणी आपण मागितली पाहिजे.

पालघर जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, कोळी, वारली, कातकरी वस्त्यांतील स्त्रियांना त्यांच्या बोलीत हे काम शिकवून नियमित वेतन द्यावे. दुसरी, गर्भवतीची नोंद तिच्याबरोबर भट्टीपर्यंत आणि बेटापर्यंत यावी, तिने नोंदीमागे जाऊ नये. तिसरी, मासेविक्रेत्या आणि भट्टीमजूर स्त्रियांनाही गरोदरपणात पगारी विश्रांतीइतकी मदत मिळावी. रोजगार बुडवून कोणाही बाईचे मन स्वस्थ राहत नाही. या मागण्यांचा मसुदा मात्र आपण कार्यालयात बसून लिहू नये. तो त्या स्त्रियांच्या बैठकीत त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावा.