विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा पहारा

“प्रामाणिक मनुष्याला कुलपाचे भय कसले?” असा प्रश्न आमच्या एका वयोवृद्ध, संगीतप्रेमी स्नेह्यांनी मध्यंतरी आम्हांस केला. बोलणे चालले होते ते, विकत दिलेल्या संगीतावर कंपन्या जी तांत्रिक बंधने घालीत आल्या त्यांविषयी. गायकाच्या श्रमांची चोरी होऊ नये म्हणून कंपनीने आपल्या तबकडीला कुलूप लावले, तर त्यात सज्जनाने रागावण्याजोगे काय आहे? उलट जो रागावेल त्याच्याच हेतूविषयी शंका घ्यावयास हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा एकंदर रोख होता. स्नेह्यांविषयी आमच्या मनात आदर आहे. त्यांच्या या मताविषयी मात्र तो बाळगणे आम्हांस शक्य नाही. कारण हा प्रश्न आता केवळ तर्काचा राहिलेला नाही. तो लक्षावधी घरांतून प्रत्यक्ष पारखून झालेला आहे, आणि त्या परीक्षेत नापास झाले ते ग्राहक नव्हेत.

ही परीक्षा झाली २००५ साली, अमेरिकेत. सोनी आणि बर्टल्समन या दोन बलाढ्य संस्थांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या सोनी बीएमजी या संगीत-कंपनीने आपल्या कित्येक सीडींवर गाण्यांच्या जोडीला संगणकासाठी एक प्रोग्रामही घातला होता. ५२ संग्रहांवर एक्ससीपी नावाचा प्रोग्राम होता. तो फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने रचलेला. दुसऱ्या काही संग्रहांवर सनकॉम या कंपनीचा मीडियामॅक्स होता. एक्ससीपीच्या सुमारे ४७ लाख तबकड्या बाजारात गेल्या आणि त्यांतील सुमारे २१ लाख विकल्या गेल्या, हे कंपनीनेच सांगितलेले आकडे आहेत.

साध्या सीडी-प्लेयरवर ही तबकडी निमूटपणे गात असे. विंडोज प्रणालीच्या संगणकात घातली की मात्र पडद्यावर एक करारनामा येई. तो मान्य केला की प्रोग्राम यंत्रात उतरे, आणि मग ग्राहकाला त्या तबकडीच्या तीनच प्रती काढता येत. इथवर आमचे स्नेही म्हणतील, यात बिघडले काय? बिघडले ते यापुढेच. हा पाहुणा घरात शिरला तो स्वतःला अदृश्य करून राहिला. प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसून त्याने अशी व्यवस्था केली की, ज्या फाइलीचे नाव एका ठराविक चिन्हसमूहाने सुरू होते ती कोणतीही फाइल यंत्राच्या मालकाला दिसूच नये. संगणकांत घरफोडी करणारे लोक आपला माग लपविण्यासाठी हीच युक्ती वापरतात, आणि तिला त्या क्षेत्रात रूटकिट असे नाव आहे. तो काढून टाकण्याची सोय सोबत दिलेली नव्हती. आणि कोणी स्वतःच्या हाताने उपटून काढावयास गेला, तर संगणकाचा सीडी वाचणारा भागच निकामी होऊन बसे. आपण लपून राहणार आहोत याची वाच्यता त्या लांबलचक करारनाम्यात कोठेही नव्हती.

घरात समई हवी म्हणून आपण तांबटाच्या दुकानातून ती विकत आणतो. दाम मोजून, कापडात गुंडाळून. आता कल्पना करा की समईबरोबर तांबटाचा एक नोकरही आपल्याला न दिसता घरात आला. आपण किती वाती लावतो, शेजाऱ्याच्या दिव्याला ज्योत देतो की काय, हे पाहण्यासाठी तो माळ्यावर दबा धरून बसला. आणि त्याला घालवू गेल्यास जाताना देवघराची कडी मोडून जाईल अशीही तजवीज त्याच्या धन्याने करून ठेवली. अशा तांबटाच्या दुकानाची पायरी कोणी पुन्हा चढेल काय? आणि “तुम्ही प्रामाणिक आहात ना, मग माळ्यावरच्या माणसाचे भय कसले?” असे कोणी म्हटले, तर त्याला आपण काय उत्तर देऊ?

हा माळ्यावरचा माणूस सापडला तो चोराला नव्हे, रीतसर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला. मार्क रुसिनोविच हे विंडोज प्रणालीचे जाणकार. त्यांनी व्हॅन झँट या जोडीची एक सीडी विकत घेतली होती. लपलेले प्रोग्राम हुडकण्याचे स्वतः तयार केलेले साधन आपल्याच संगणकावर चालवीत असता त्यांना ही अनोळखी चीज आढळली. माग काढीत ते त्या तबकडीपर्यंत पोहोचले, आणि ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी सारी हकिकत प्रसिद्ध केली. मग जे वादळ उठले त्याला कंपनीने दिलेले पहिले उत्तर ऐकण्यासारखे आहे. कंपनीच्या डिजिटल व्यवसायाचे प्रमुख टॉमस हेसी यांनी अमेरिकेच्या सार्वजनिक नभोवाणीवर अशा अर्थाचे उद्गार काढले की, बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नसते, मग त्यांनी त्याची पर्वा कशाला करावी! ग्राहकाचे अज्ञान हाच ज्याच्या बचावाचा आधार, त्याच्याशी वाद तरी काय घालावयाचा?

पर्वा का करावी, याचे उत्तर आठवडाभरातच मिळाले. ठराविक चिन्हांनी नाव सुरू केले की कोणतीही फाइल अदृश्य होते म्हटल्यावर ती सोय सोनीच्याच प्रोग्रामापुरती राहणार थोडीच! नोव्हेंबरच्या १० तारखेच्या सुमारास त्याच आडोशाला लपणारे दुष्ट प्रोग्राम इंटरनेटवर फिरू लागले. घरमालकाला न विचारता भिंतीत पाडलेले भोक चोरालाही उपयोगी पडले. त्यानंतर कंपनीने प्रोग्राम काढून टाकण्यासाठी जे साधन दिले, त्याचीही तपासणी प्रिन्स्टन विद्यापीठातील एड फेल्टन आणि अॅलेक्स हाल्डरमन यांनी केली. तेव्हा दिसून आले की त्या साधनाने संगणकाचे दुसरेच एक दार सताड उघडे राहते. रोगापेक्षा औषध घातक! डॅन कमिन्स्की या संशोधकाने इंटरनेटवरील पत्ते सांगणाऱ्या यंत्रांची पाहणी केली, तेव्हा किमान ५,६८,२०० यंत्रांत या प्रोग्रामाशी निगडित चौकश्यांच्या खुणा त्याला आढळल्या.

अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचे एक वरिष्ठ अधिकारी स्ट्युअर्ट बेकर यांना त्याच महिन्यात जाहीर सभेत कंपन्यांचे कान उपटावे लागले. बौद्धिक संपत्ती तुमची असेल, संगणक तुमचा नाही, हा त्यांच्या बोलण्याचा सारांश. आमच्या स्नेह्यांना उत्तर म्हणून एवढे एक वाक्य पुरे होते. परंतु ते सरकारी अधिकाऱ्याने उच्चारावे लागले, कंपनीच्या एखाद्या संचालकाला सुचले नाही, याचे आम्हांस नवल वाटते.

करारनाम्याची थोरवी तर निराळीच होती. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्कांच्या संस्थेच्या वकिलांनी तो बारकाईने वाचला. तबकडी चोरीस गेली तर संगणकावर उतरविलेली गाणीही पुसून टाकावीत, दिवाळे निघाले तरी तेच, आणि आपले राहते राष्ट्र सोडताना ती बरोबर नेऊ नयेत, असे त्यातून निघत असल्याचे त्यांनी दाखविले. ज्याच्या घरी चोरी झाली त्याने घरात उरलेले संगीतही आपल्या हाताने नष्ट करावे, हा न्याय कोणत्या स्मृतीत सांगितला आहे, हे एखाद्या शास्त्रीबुवांनी आम्हांस समजावून द्यावे.

येथे आमचे स्नेही म्हणतील की, अतिरेक झाला हे खरे, पण चोरांना तर आळा बसला असेल ना? अजिबात नाही. २००२ साली युरोपात विकलेल्या कुलूपबंद सीडींचे संरक्षण तबकडीच्या कडेवर साध्या शाईच्या पेनाने रेघ ओढली की फिटते, असे उघडकीस आले होते. २००३ साली याच हाल्डरमनने, तेव्हा तो विद्यार्थी होता, दाखवून दिले की मीडियामॅक्सची तबकडी आत घालताना कळफलकावरील शिफ्ट ही कळ दाबून धरली की कुलूप लागतच नाही. सनकॉमने त्याच्यावर फिर्याद ठोकण्याची धमकी दिली, आणि जगात हसे झाल्यावर लगोलग मागे घेतली. तात्पर्य, ज्याला प्रती काढून वाटावयाच्या होत्या त्याच्यासाठी हे कुलूप कधी नव्हतेच. ते लागले ते फक्त दुकानात जाऊन पैसे टाकणाऱ्यांच्या दाराला. फुकट उतरवून घेणाऱ्याचा संगणक निर्धोक राहिला आणि दाम मोजणाऱ्याचा नासला. प्रामाणिकपणाला दंड आणि अप्रामाणिकपणाला बक्षीस देणारी याहून चोख योजना आमच्या पाहण्यात नाही.

आणि कलावंत? ज्यांच्या नावाने हे सारे चालले होते, त्यांतील स्विचफूट या वाद्यवृंदातील टिम फोरमन याने आपल्याच नव्या सीडीचे बंधन कसे चुकवावे, हे श्रोत्यांना जाहीरपणे लिहून कळविले. गायक-वादकांना त्यांच्या श्रमांचे मोल मिळालेच पाहिजे, याविषयी आमचे दुमत नाही. मंदिराच्या सभामंडपात गाणाऱ्याला बिदागी देणे हे आपण धर्मच समजतो. पण बिदागी देणाऱ्याच्या खिशात हात घालून पाहण्याचा अधिकार त्यातून निपजत नाही. गंमत अशी की, दुसऱ्याच्या हक्कांचा एवढा कैवार घेणाऱ्या एक्ससीपीच्या पोटातच ‘लेम’ या मुक्त प्रकल्पातील भाग, त्याच्या परवान्याच्या अटी न पाळता, घातलेले असल्याचे तपासणाऱ्यांना आढळले. दारावरचा पहारेकरीच चोरीचा अंगरखा घालून उभा!

परिणाम काय झाला, ते थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर २००५ मध्येच कंपनीने त्या तबकड्या परत बोलाविल्या. टेक्सास राज्याने आणि ग्राहकांनी न्यायालयाची पायरी चढली. मे २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार खरेदीदारांना बंधनमुक्त तबकडी आणि साडेसात डॉलर किंवा काही संग्रह उतरवून घेण्याची मुभा मिळाली. पुढे जानेवारी २००७ मध्ये संगणकाच्या नुकसानीपोटी १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचेही कंपनीला कबूल करावे लागले. हे सारे घडले ते ग्राहक चिडले म्हणून. कंपनीला उपरती झाली म्हणून नव्हे.

परंतु आमच्या मते या प्रकरणातील खरी भयसूचक गोष्ट वेगळीच आहे. फेल्टन आणि हाल्डरमन यांना या प्रोग्रामाचा सुगावा रुसिनोविच यांच्या आधी काही आठवडे लागला होता. तरी ते गप्प राहिले, कारण अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे असले कुलूप उघडून पाहणे हाच गुन्हा ठरू शकतो, म्हणून आधी वकिलांचा सल्ला घेणे त्यांना भाग पडले. घरात विष आहे हे ठाऊक असणाऱ्याने ओरडण्यापूर्वी वकील गाठावा! धोकादायक कुलूप असलेल्या सीडींची तपासणी करण्यास त्या कायद्यातून सूट मिळाली ती नोव्हेंबर २००६ मध्ये, म्हणजे घर जळून गेल्यावर. आपल्या देशाच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जे ६५-अ हे कलम आले, ते या बाबतीत अधिक शहाणपणाचे आहे: हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यालाच ते शिक्षा सांगते. ‘हेतूने’ हा त्यातील शब्द फार मोलाचा आहे. परकीय धाटणी आणून तो गाळण्याची सूचना कधी कोणी केली, तर आपण जागे असले पाहिजे.

सीडीवरून ही बंधने हटली, तरी इंटरनेटवरून विकलेल्या गाण्यांवर ती काही काळ राहिली, आणि तेथे दुसरेच रूप दिसले. ती गाणी नव्या संगणकावर नेताना विक्रेत्याच्या यंत्राकडून परवाना घ्यावा लागे. २००८ साली मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद पडलेल्या एमएसएन म्युझिक या दुकानाचे परवाने यापुढे देणार नाही असे जाहीर केले. आरडाओरड झाली तेव्हा मुदत वाढविली. त्याच वर्षी याहू आणि वॉलमार्ट यांच्या ग्राहकांवरही तीच पाळी आली. दुकान मोडले म्हणून घरची समई विझावी, असा हा प्रकार. अॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये ही बंधने निष्फळ असल्याचे उघडपणे लिहिले, एप्रिलमध्ये ईएमआय कंपनीने ती सोडली, आणि २००९ साली आयट्यून्सचे सर्व संगीत मोकळे झाले. त्यानंतर संगीताचा धंदा बुडाला नाही.

आपल्या फोंडा महालातील केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्या तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवावी याच्या खुणा कोरल्या आहेत, कारण ती जिच्या हाती पडेल त्या अज्ञात बुद्धीला ऐकता यावी, हीच पाठविणाऱ्यांची इच्छा होती. परग्रहवासीयांवर टाकलेला एवढा विश्वास गावातल्या गिऱ्हाइकावर टाकता येऊ नये काय?

आता बहुतेक श्रोते महिन्याला वर्गणी भरून गाणी ऐकतात. त्या गाण्यांना कुलूप आहे, आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. भाड्याच्या खोलीची किल्ली मालकाकडे असते हे भाडेकरूला ठाऊक असते. आमचे भांडण आहे ते ‘विकत घ्या’ असे लिहून भाड्याने देणाऱ्याशी, आणि खोली विकून माळ्यावर माणूस ठेवणाऱ्याशी. म्हणून वाचकहो, घरच्या देवळासाठी भजनांचा संग्रह घ्या, की मुलाबाळांसाठी नाट्यगीतांचा. पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला विचारा की हे मी माझ्या दुसऱ्या यंत्रावर नेऊ शकेन काय, तुमचे दुकान उद्या बंद झाले तरी हे वाजेल काय, आणि याच्याबरोबर माझ्या यंत्रात आणखी काय उतरणार आहे. तो उत्तर देताना चाचरला, तर पाकीट पुन्हा खिशात ठेवा. आमच्या स्नेह्यांनीही परवा एक संग्रह घेताना हेच तीन प्रश्न विचारले, असे त्यांच्या चिरंजीवांकडून आम्हांस कळले आहे.