शेवट एकच, म्हणून निवड खोटी काय ?

आमच्या हडपसरास वर्षांतून एकदां एक मोठा प्रश्न भर रस्त्यावर सुटतो. आषाढीच्या वारींत पुण्याहून निघालेल्या दोन पालख्या येथवर एका वाटेनें येतात आणि येथून त्यांच्या वाटा फुटतात. श्रीज्ञानेश्वरांची पालखी सासवडाकडे वळून दिवे घाट चढूं लागते. श्रीतुकारामांची सोलापूर रस्त्यानें लोणी काळभोराकडे जाते. एकीच्या वाटेवर जेजुरी, लोणंद, फलटण. दुसरीच्या वाटेवर यवत, बारामती, इंदापूर. पुढें वाखरीस दोन्ही जवळ येतात आणि दोन्हींचा शेवट पंढरपुरासच होतो. आतां एखाद्या तार्किकानें येथें उभें राहून वारकऱ्यास विचारावें, "माउली, शेवट जर एकच, तर कोणत्या वाटेनें जावें याचा विचार कशाला ?" वारकरी हंसून पुढें चालूं लागेल. परंतु हाच प्रश्न हल्लीं मोठ्या आवेशानें विचारला जात आहे. आणि तो वारीविषयीं नसून व्हिडिओ गेम्सविषयीं आहे, एवढ्याच कारणास्तव आमच्या साहित्यिक वर्गानें त्याची उपेक्षा करावी, हें आम्हांस मान्य नाहीं.

मगरपट्ट्यांतील कचेऱ्यांत काम करणारे आमचे कांहीं माजी विद्यार्थी रविवारीं आमच्याकडे येतात. त्यांतील एकाच्या आग्रहावरून आम्ही, पन्नाशी उलटल्यावर, 'द वॉकिंग डेड' हा २०१२ सालचा खेळ खेळलों. खुनाबद्दल शिक्षा झालेला इतिहासाचा एक प्राध्यापक, आणि जग उद्ध्वस्त होत असतां त्याच्या आश्रयास आलेली आठ वर्षांची एक पोर, अशी ही कथा आहे. आरंभींच दोन माणसांपैकीं एकासच वाचवितां येतें. कोणास वाचवावें हें खेळणारानें क्षणार्धांत ठरवावयाचें. पुढें, ज्यास वाचवावें तोही मरतो. शेवटीं नायकाच्या हातास विषारी दंश होतो. हात तोडावा कीं राखावा, हें पुन्हां आपणच ठरवावयाचें. तोडला तरी तो मरतो, राखला तरी मरतो. आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, मीं सगळ्या निवडी उलट करून पुन्हां खेळून पाहिलें. व्हायचें तेंच होतें. आपली निवड म्हणजे निव्वळ फसवणूक आहे."

या आक्षेपांत सत्याचा अंश आहे, तो प्रथमच कबूल केला पाहिजे. 'तुमच्या निर्णयानें कथा बदलेल' अशी दवंडी पिटून माल विकणारे व्यापारी दोषी आहेतच. प्रत्येक प्रसंगीं दोनच पर्याय ठेवले आणि असे दहा प्रसंग आले, तर कथेच्या १०२४ वाटा होतात. प्रत्येक वाटेसाठीं निराळीं चित्रें, निराळे संवाद, निराळे नट आणावयाचे म्हटल्यास कुबेराचें भांडारही पुरणार नाहीं. म्हणून हे खेळ रचणारे फुटलेल्या वाटा थोड्या अंतरावर पुन्हां एकत्र आणतात. त्यांत पाप नाहीं. पाप आहे तें त्याविषयीं बढाई मारण्यांत. २०१२ सालींच 'मास इफेक्ट ३' या खेळाच्या शेवटावर खेळणारांनीं मोठा गहजब केला. तीन भागांत जपलेल्या निर्णयांचें पर्यवसान अखेरच्या दोन-तीन ठरीव पर्यायांत झालेलें पाहून त्यांचा संताप अनावर झाला, आणि निर्मात्यांस त्याच वर्षीं शेवट विस्तारून देणें भाग पडलें. तो संताप आम्ही रास्त समजतों. कारण तेथें वचनभंग झाला होता. याउलट आमच्याच पुण्यांतील नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींचा, २०२० सालीं प्रसिद्ध झालेला 'राजी' हा खेळ पाहा. हरवलेल्या भावाच्या शोधांत निघालेल्या मुलीची ही कथा सरळ एका वाटेनें जाते. ती वळविण्याची मुभा खेळणारास नाहीं, आणि ती असल्याचा आवही कोणी आणीत नाहीं.

परंतु वचनभंग झाला, एवढ्यावरून निवड हीच खोटी ठरत नाहीं. शेवट किती, याची मोजदाद करून निवडीची किंमत ठरविणें म्हणजे पानें मोजून ग्रंथाची योग्यता ठरविण्यासारखें आहे. आम्ही तो दंश झालेला हात तोडला तेव्हां शेवट कसा होणार हें आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या पोरीसाठीं आणखी चार घटका जगावें, एवढाच विचार मनांत होता. तो विचार आमचा होता, तो निर्णय आमचा होता. पुढें नायक मेला, म्हणून तो मागाहून नाहींसा झाला काय?

कोणी म्हणेल, ही केवळ भावना झाली. कृतीची किंमत तिच्या परिणामावरूनच ठरते. त्यांस आमचें उत्तर असें कीं, हा सिद्धान्त नीतिशास्त्रांत जुनाच असून त्याचें खंडनही जुनेंच आहे. १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त टिळकांनीं, कर्माच्या बाह्य परिणामापेक्षां कर्त्याची बुद्धि श्रेष्ठ, हाच पक्ष मांडला आहे. रोग्यास वांचवूं न शकलेल्या वैद्याची रात्रभराची खटपट व्यर्थ, असें कोणता सहृदय मनुष्य म्हणेल ?

दुसरा आक्षेप याहून बळकट आहे. 'एकच प्याला' पाहतांना सुधाकराचा शेवट प्रेक्षकास बदलतां येत नाहीं, तरी तो हळहळतो. मग खेळांत निराळें तें काय? निराळें हें कीं, प्रेक्षक सुधाकराची कींव करून निर्दोष राहतो. खेळणारास तशी सुटका नाहीं. 'पेपर्स, प्लीज' या २०१३ सालच्या खेळांत आपण सीमेवरचे कारकून असतों. अपुऱ्या कागदपत्रांची एक बाई समोर येते. नवरा नुकताच पलीकडे गेलेला असतो. तिला सोडावें तर आपल्या नांवावर चूक नोंदली जाते. चुका वाढल्या कीं पगार कापला जातो, आणि घरीं अन्नाची व ऊबेची ददात पडते. ठसा मारणारा हात येथें आपला असतो. ही जबाबदारी कोणतेंही नाटक प्रेक्षकाच्या गळ्यांत घालूं शकत नाहीं.

म्हणून आमची कसोटी साधी आहे. निवडीच्या क्षणीं मनांत तोलण्यासारखें कांहीं होतें काय ? तिची किंमत, थोडी कां होईना, द्यावी लागली काय ? आणि पुढें कोणी तिची आठवण ठेवली काय ? या तीन प्रश्नांस होकार असेल तर निवड खरी. मग शेवट एक असो वा वीस. नकार असेल तर वीस शेवटही कवडीमोल.

हा वाद आम्ही केवळ खेळाकरितां घातलेला नाहीं. 'काय केलें तरी तेंच होणार' हें वाक्य आम्ही अलीकडे वर्गांत, मतदानाविषयीं, नोकरीविषयीं, घरच्या आजाऱ्याविषयींही ऐकतों, आणि तें विशीच्या तोंडून ऐकतांना आमच्या काळजाचें पाणी होतें. शेवट एकच असल्यानें निवड खोटी ठरत असेल, तर मनुष्याच्या आयुष्याइतका खोटा खेळ दुसरा कोणता ? त्याचा शेवट तर सर्वांस आधींच ठाऊक आहे.

आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं इतकेंच विचारलें कीं, "दुसऱ्या खेपेस तुम्ही सर्व निवडी उलट केल्यात, त्या करतांना तुम्हांस जड गेलें काय ?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "हो सर. एकदोन ठिकाणीं हात थांबला." आमचा पक्ष सिद्ध होण्यास आम्हांस एवढी साक्ष पुरेशी आहे.