नेपाळ-भूतानची सहल : फोटो आणणार की प्रश्न?

उन्हाळी सुट्ट्या जवळ आल्या की नांदेड-लातूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नेपाळ-भूतान सहलीच्या जाहिराती फिरू लागतात. जरूर जा. पण काय पाहायचे, हे सहल कंपनी ठरवणार की आपण?

सुत्तनिपातात गोदावरीकाठच्या बावरीची कथा आहे. त्याने १६ शिष्य बुद्धांकडे पाठवले. पैठण, उज्जैन, श्रावस्ती, कपिलवस्तू असा प्रवास करत ते मगधात पोहोचले, तेही प्रश्न विचारण्यासाठी. नांदेडजवळ दाभडचे महाविहार बावरीनगर आजही त्याचे नाव सांगते.

बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांवर बोलले. महापरिनिर्वाणाला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. तुमच्या गाईडला हे ठाऊक आहे का?

त्याच खोऱ्यात, पाटणच्या नेवार विहारांत, संघाचे सदस्यत्व शाक्य आणि वज्राचार्य घराण्यांना जन्माने मिळते. बुद्धमूर्ती आहे, पण जातही आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाने हे डोळसपणे पाहिले पाहिजे.

भूतान भारतीय पर्यटकाकडून प्रतिरात्र १२०० रुपये शुल्क घेतो आणि ‘सकल राष्ट्रीय आनंद’ सांगतो. १९९० च्या दशकात तिथल्या सुमारे एक लाख नेपाळीभाषकांना निर्वासित व्हावे लागले, हे मात्र माहितीपत्रकात नसते.

लुंबिनीच्या अशोकस्तंभापुढे नतमस्तक व्हा, त्रिसरण घ्या. पण परतताना बावरीच्या शिष्यांसारखे काहीतरी विचारून या. जयभीम!