पिशवीतला दगड कोणाचा?

विमानतळावरील क्ष-किरण यंत्रातून प्रवाशाची हातपिशवी सरकते. आतली मुठीएवढी लोहयुक्त अशनी पडद्यावर नुसता काळा ठिपका म्हणून उमटते. पिशवी उघडली जाते, वस्तू स्फोटक नसल्याची खात्री होते आणि प्रवासी मार्गस्थ होतो. मौल्यवान चीज हरवू नये म्हणून संग्राहकाने ती जवळ बाळगणे स्वाभाविक आहे. सुरक्षा कर्मचाऱ्याचे कामही तेवढ्यावरच संपते. परंतु दगड घातक नाही, एवढ्याने तो नेणाऱ्याचाच आहे असे ठरत नाही.

या प्रश्नाचे गांभीर्य २०२५ साली जगापुढे आले. मंगळावरून आलेली, २४.६७ किलो वजनाची अशनी त्या वर्षी जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ५३ लाख डॉलरना विकली गेली. ती २०२३ मध्ये नायजरच्या अगादेझ भागातील वाळवंटात सापडली होती. निर्यात रीतसर झाल्याचे लिलावगृहाने सांगितले; नायजर सरकारने मात्र चौकशी जाहीर करून अशनींची निर्यात स्थगित केली. एवढ्या अवजड दगडाबाबत हा वाद, तर खिशात मावणाऱ्या तुकड्यांची विचारपूस कोण करणार?

हानी केवळ पैशाची नाही. सापडल्याचे नेमके स्थळ नोंदलेले नसले की अशनीला 'वायव्य आफ्रिका' असे मोघम नाव आणि एक क्रमांक मिळतो. नायजरच्या त्या दगडाच्या वाट्यालाही हेच आले. याउलट १८६५ मध्ये बिहारातील शेरघाटी येथे अशनी पडली, तिची नोंद झाली आणि मंगळावरून आलेल्या अशनींचा एक संपूर्ण वर्गच आज त्या गावाच्या नावाने ओळखला जातो.

यावर सरसकट बंदी हा उपाय नव्हे. वाळवंटातील भटक्या जमातींनी आणि व्यापाऱ्यांनी शोधले नसते, तर कित्येक अशनी विज्ञानाला दिसल्याच नसत्या. बंदीने शोध थांबेल किंवा व्यापार चोरवाटांनी चालेल. डेन्मार्कचा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. तेथे सापडलेली अशनी राज्याची ठरते, परंतु ती जमा करणाऱ्याला मोबदला मिळतो. ऑस्ट्रेलियात निर्यातीसाठी परवाना लागतो. गरीब देशांनाही अशी यंत्रणा उभारण्यास साहाय्य मिळाले पाहिजे. हातपिशवीतील दगडाबरोबर त्याच्या जन्मगावाचा दाखलाही असावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी नाही.